वाट बघणारी बाई

“ह्याच्यावरनं मोठा होईल काय ओ? भिंतीवर लावायजोगा?”

काउंटरवरचं आधार कार्ड उचलून महेंद्रने उजेडात धरलं. नखाएवढा फोटो, तोही पुसट. रामआळीतल्या त्याच्या स्टुडिओत हल्ली असली कामं बरीच येत, त्यामुळे उत्तर तयारच होतं.

“ताई, हा मोठा केला तर फुटेल, चेहरा धुरकट दिसेल. दुसरा बघा ना घरात. लग्नाकार्यातला, मोबाईलवरचा, कसलाही.”

“दुसरा नाय ओ. आमचे हे फोटोत उभेच राहायचे नाय.”

बाई साठीच्या आसपासची होती. सकाळच्या एसटीने नाटे गावाहून आली होती. नवरा गेल्या शिमग्यानंतर तापाने गेला, पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध. कार्डावर नाव होतं दादू. तिने आपलं नाव काशी सांगितलं. महेंद्र ते पावतीवर लिहीत असताना ती मागच्या भिंतीकडे बघत राहिली.

“ही मीच ना?”

महेंद्रचं पेन थांबलं.

भिंतीवर त्याचा बक्षिसाचा फोटो होता. बावीस वर्षांपूर्वी, फिल्मच्या जमान्यात काढलेला. आयुष्यभर त्याने पासपोर्टचे चेहरे आणि लग्नांतले हारतुरे टिपले होते. रविवारी मात्र तो स्वतःसाठी कॅमेरा घेऊन किनाऱ्याने फिरायचा. अशाच एका रविवारी नाट्याच्या बंदरात हा फोटो मिळाला. डोक्यावर माशांची टोपली घेतलेली बाई, ओठ घट्ट मिटलेले, नजर चौकटीबाहेर कुठेतरी. मुंबईच्या स्पर्धेत पहिला आला. या डोळ्यांत साऱ्या किनाऱ्याचं दुःख साठलंय, असं परीक्षक म्हणाले होते. चित्रकलेचे विद्यार्थी अजून तो बघायला येत. आपण नुसते फोटोवाले नाही, कलावंत आहोत, याला महेंद्रकडे पुरावा होता तो एवढाच.

“खाली काय लिवलंय?” काशीने विचारलं.

“प्रतीक्षा. म्हणजे वाट बघणं.”

“कोणाची?”

“समुद्रावर गेलेल्या माणसाची,” तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याचा आवाज खाली आला.

“हे कुठे गेलेले समुद्रावर? तुमच्या बाजूलाच तर उभे होते.” काशी अगदी सहज बोलत होती. “आधी माझ्या शेजारी होते. तुम्ही म्हणालात, जरा बाजूला व्हा. मग तुमच्या खांद्यामागनं मला वेडावत होते. मी ह्यांच्याकडंच बघत होते. हसू दाबता दाबता पुरेवाट झालेली माझी.”

महेंद्रने मागे वळून फोटोकडे पाहिलं. बावीस वर्षं रोज पाहिलेला चेहरा. ओठांच्या कडा वर उचलल्या जायच्या बेतात होत्या. एवढं साधं त्याला कधी दिसलं नव्हतं.

“नंतर हे तुम्हाला म्हणाले, आता आमचा जोडीचा एक काढा. पण तुमचा रोल संपलेला.”

ते महेंद्रला आठवत होतं. लुंगीवरचा, दात पुढे असलेला कोणी माणूस, आणि आपण मान वर न करता दिलेलं उत्तर.

“वाटेत मी ह्यांना म्हटलं, रोल असता तर काढलाच असता त्यांनी. तर हे म्हणतात कसे, आपलं तोंडच फोटोतलं नाय गो. तेवापास्नं कोणी फोटो काढाय लागला की आपणच बाजूला व्हायचे. आमच्या नितेशच्या लग्नात तर मांडवाच्या खांबाआड जाऊन उभे राहिले.”

काशीने कार्ड पुन्हा काउंटरवर सारखं करून ठेवलं. महेंद्र गप्प राहिला असता तर तिला काहीच कळलं नसतं.

“ताई, रोल संपला नव्हता,” तो म्हणाला. “तीन फोटो शिल्लक होते.”

“तीन?”

“तीन.”

“मग त्यांचं काय केलंत?”

“संध्याकाळी सूर्य मावळताना काढले.”

“तो तर रोजच मावळतो,” ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर महेंद्रला बरं वाटलं असतं. त्याने घाईघाईने स्टूल ओढलं, भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि तिच्यापुढे ठेवली. “हा तुम्ही न्या. तुमचाच आहे.”

“मला कशाला? मी कोणाकडे बघत होते ते मला ठाऊक हाय.” तिने पिशवी उचलली. “तुम्ही ह्यांचा तेवढा करा. जसा होईल तसा.”

महेंद्र तीन दिवस संगणकापुढे बसला. एरवी तो गाल भरून द्यायचा, डोळ्यांत चमक घालायचा. इथे हात चालेना. कुठली सुरकुती खरी आणि कुठला डाग छपाईचा, हे ठरवायला चेहरा माहीत असावा लागतो. हा माणूस त्या दिवशी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि महेंद्रने त्याला धड पाहिलंही नव्हतं. शेवटी त्याने फोटो फक्त मोठा केला आणि फुटला तसा ठेवला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तो स्वतः फोटो घेऊन नाट्याला गेला. सोबत कॅमेराही घेतला होता.

काशीने फ्रेमवरचा कागद सोडला. सून दीपाली पदराला हात पुसत पुढे आली, मुलगा नितेश दारातच थांबला.

“धुक्यातनं बघितल्यासारखे दिसतायत,” नितेश म्हणाला.

“असूदे,” काशी म्हणाली. “डोळे ह्यांचेच हायत.”

नितेशने खिळा ठोकला, फ्रेम टांगली. महेंद्र कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “सगळ्यांचा एक काढू?”

“आता सगळे कुठे आहेत, भाऊ,” काशी म्हणाली, आणि दीपालीला पानं घ्यायला सांगितलं.

त्याने नको म्हणून पाहिलं, परतीच्या एसटीचं निमित्त सांगितलं. काशीने ऐकून घेतलं आणि त्याच्यासाठी पाट मांडला. बांगड्याचं कालवण होतं. तिने भाताचं पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवलं, वर कालवण वाढलं आणि पुन्हा चुलीकडे वळली. महेंद्र मान खाली घालून एकेक घास गिळत राहिला.