दोन रेघा

"हीपण खोटी," म्हणत पारख्याने तात टोपलीत टाकली. सकाळपासूनची ही अकरावी.

काम दिसायला सोपं. मेंढीच्या आतड्याची वळलेली तात दोन्ही हातांत ताणून काळ्या कापडापुढे धरायची, अंगठ्याने छेडायची आणि बघायचं. जाडी सगळीकडे सारखी असेल तर थरथरताना दोन स्वच्छ रेघा दिसतात. नसेल तर नुसता धूर. अशी खोटी तात ल्यूटसारख्या जुन्या वाद्यावर चढवली की कुठेही बोट ठेवा, बेसूर. आणि वादक शिव्या देतो त्या पारख्याला, मेंढीला नाही. एकतीस वर्षं पारखी घरातल्या याच खिडकीशी बसून दोन रेघा शोधत आला होता.

अलीकडे जगाचा दर्जा घसरला आहे, याबद्दल त्याची खात्री झाली होती. पेपरवाले शाई वाचवत होते. बल्ब पूर्वीसारखे राहिले नव्हते. आणि आता त्याचा जुना दोस्त तातवालाही. दोन महिन्यांत तीन जुड्या परत गेल्या. तिसरीसोबत पारख्याने चिठ्ठी धाडली, "तुझा हात गेला."

तातवाल्याने खरं तर भांडायला हवं होतं. त्याने लिहिलं, "तू म्हणतोस म्हणजे गेलाच असणार. महिनाअखेर कारखाना बंद करतो. ही शेवटची जुडी."

"अहो, टोपली नेऊ का?" बायकोने विचारलं. टाकाऊ ताती टोमॅटोची रोपं बांधायला तिच्या हक्काच्या. "यंदा रोपं कमी आणि ताती जास्त झाल्यात."

"ने. कचराच आहे."

ती गॅलरीत गेली ती बराच वेळ आली नाही. आली ती तात ताणूनच.

"ही खोटी कशी हो?"

"धूर दिसतो म्हणून."

"मला दोन रेघा दिसतायत."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"एकतीस वर्षं तुमच्या मागे बसून भाजी निवडतेय. दुसरं बघायला होतं काय इथे?" तिने कापडापुढे तात छेडली. "दोन. अकरातल्या नऊ अशाच आहेत."

पारख्याने पाहिलं. धूर. तिने दुसरी धरली. धूर. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. तोंडाच्या जागीही थोडा धूरच होता. पण तिथे बऱ्याच वर्षांत बारकाईने बघितलेलं नसल्यामुळे तुलना करता येईना.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू असता तर काढला असता. हा आतला पडदाच झिजलाय."

गप्प बसलं तर खिडकी आपली राहणार होती. फक्त तातवाल्याचा कारखाना जाणार होता. या 'फक्त'वर पारख्याने दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी फोन लावला.

"ताती खऱ्या होत्या रे. माझे डोळे गेलेत."

पलीकडे तातवाला हसला. "समजूत काढतोस होय माझी?"

"खरंच सांगतोय."

"माझा हात जाईल, पण तुझी नजर? राहू दे. बरं वाटलं, एवढं म्हणालास ते."

जन्मभर कमावलेली अब्रू अशी आडवी आली. पारख्याने हताश होऊन फोन बायकोच्या हातात दिला.

"भावजी," ती म्हणाली, "परवा यांनी खुंटीवरच्या कोटाला 'कधी आलात?' विचारलं. वर मला पाणी आणायला सांगितलं."

पलीकडचं हसणं थांबलं. मग हळूच, "म्हणजे वहिनी, माझा हात ठीक आहे?"

"आमचे टोमॅटो उभे आहेत त्यावर."

"मग कारखाना चालू ठेवतो." तातवाल्याने नाक ओढलं. "पण आता ताती बघणार कोण?"

पारख्याला पलीकडचं ऐकू आलं होतं. कान शाबूत होते. त्याने काळं कापड झटकून पुन्हा टांगलं, खिडकीतली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः मागच्या स्टुलावर जाऊन बसला. तिची परात मांडीवर घेतली.

"किती?" त्याने विचारलं.

"दोन."

"पुढची?"

"धूर."

"नीट बघ."

"धूरच आहे हो."

त्याने परातीतली पुढची शेंग उचलली. मटार सोलायला डोळे लागत नाहीत.