तिसरी हाक

चोरानं रात्री यावं, अशी आपली जुनी समजूत. रात्री कुत्री भुंकतात, म्हातारे खोकतात, चोरालाही जरा धाक असतो. पण त्या वर्षी बेंबळीत चोर यायला लागले ते भर दुपारी, ऐन सोयाबीनच्या काढणीत, गावात चिटपाखरू नसताना. आण्णासाहेबांच्या शेजारचं उमादेवीचं घर असंच फोडलं. बाई रानातून येऊन बघते तर कपाट उघडं, बोरमाळ गायब, आणि वर मेल्यांनी चिवड्याचा डबासुद्धा फस्त केलेला. गावाला बोरमाळेपेक्षा त्या चिवड्याचाच राग जास्त आला.

त्या दिवसापासून आण्णासाहेबांच्या अंगात वारं शिरलं. त्यांच्याकडं बारा बोअरची एकनळी बंदूक होती. वडिलांनी रानडुकरांसाठी परवाना काढलेला, पुढं तो यांच्या नावावर झाला. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची, निवडणूक सरली की घरी यायची, एवढंच काय ते तिचं फिरणं. डुकरांनी तिला कधी भीक घातली नव्हती. आता आण्णासाहेबांनी ती पलंगाखालून काढली, पुसली, तेल दिलं, एक डोळा मिटून नळीतून आभाळ बघितलं आणि बायकोला म्हणाले, "येऊ दे आता एकेकाला. सोडत न्हाय."

विठाबाई तशीच चार पावलं मागं सरली. तिचं माहेर तेरखेड्याचं. फटाक्यांच्या गावची लेक ती, दारू भरलेल्या वस्तूपासून चार हात लांब राहायचं हे तिला चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक.

"अहो, दारूला घरचं-दारचं कळत न्हाय. ठिवा ती गुंडाळून."

"पोरीच्या, हर्षालीच्या पाटल्या गेल्या म्हंजी मग तुला कळंल. आपल्या घरात आपला जीव राखायचा मानसाला हक्क हाय."

"हक्क हाय वो, पर नेम हाय का?"

हे आण्णासाहेबांना लई झोंबलं. दोन दिवसांत त्यांचा बेत पक्का झाला. सकाळची न्याहारी झाली की विठाबाईनं पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं आणि किल्ली कमरेला खोचून रानात जायचं. घरात कुणी नाही असं जगाला वाटलं पाहिजे. आत आण्णासाहेब खिडक्या लावून, ज्वारीच्या पोत्यावर बसून, मागच्या दाराकडं नळी करून चोराची वाट बघणार. फोनसुद्धा बंद. रिंग वाजली की चोर पळायचा.

"आन आलाच कुनी तर?" विठाबाईनं विचारलं.

"आपन काय खाटीक हाय का? दोनदा इचारनार, कोन हाय म्हनून. मुकाट ऱ्हायला तर चोरच की. मग बार."

चहाच्या टपरीवरही त्यांनी हे सगळ्यांना ऐकवलं. चार माणसांनी माना डोलावल्या. विठाबाईलाही वाटलं, चला, निदान विचारणार तरी आहेत.

आणि इथंच सगळी गोम होती, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. कारण त्या घरात विठाबाईचाही एक नियम होता, आण्णासाहेबांच्या नियमाहून जुना. भर बाराच्या वक्ताला नाहीतर दिवेलागण झाल्यावर कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. जे डोळ्याला दिसत नाही ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक मारतो तो माणूस. पोरगी बोलायला लागली तसं तिनं हे हर्षालीच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. आण्णासाहेब दुपारी अंगणातून ओरडायचे, "हर्षे! हर्षे!" आणि पोरगी आत ओठ घट्ट मिटून उभी. तिसऱ्या हाकेला मात्र गावाला ऐकू जाईल अशी "ओऽ!" मग आण्णासाहेब चिडायचे, "मला माझ्याच घरात भूत ठरवता व्हय गं मायलेकी?" दोघी तोंडावर हात धरून हसायच्या.

आता हर्षाली लातूरला नर्सिंग शिकत होती आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी यायची होती.

विठाबाईचं मात्र रानात चित्त लागेना. हातात विळा, डोळे गावाकडं. मळणीयंत्र धडधडलं तरी ती दचकायची. कुणाच्या ट्रॅक्टरनं फाटकन आवाज केला की तिचा जीव कमरेच्या किल्लीपाशी गोळा व्हायचा. एकदा तर विळा बोटालाच लागला. संध्याकाळी घरी आली की कुलूप काढायच्या आधी ती बांगड्या वाजवून दारावर थापा मारायची, "मी हाय वो, मी! घालू नका गोळी!" आतून आण्णासाहेब म्हणायचे, "येडी का काय!" तिला हसू यायचं नाही.

अशातच एके दिवशी ऊन तापलेलं असताना गावातला कल्याणप्पा बांधावरच्या रस्त्यानं मोटारसायकल घेऊन निघाला होता. गाडी न थांबवताच ओरडला, "वैनी, लेक आली की तुमची! फाट्यावर एसटीतनं उतरली. सोडतो म्हनलं तर चालतच जाते म्हनली!"

"कधी गं बाई!" विठाबाईचं तोंड पुरीसारखं फुललं. पोरगी आधीच आली! न सांगता! मेली लबाड! पीठ दळायचंय, घर सारवायचंय... घराकडं निघावं म्हणून तिनं पदर खोचला, आणि हाताला किल्ली लागली.

विळा तिथंच टाकून ती पळत सुटली.

पोरगी पुढच्या दाराला येणार. कुलूप बघणार. म्हणणार, सगळे रानात. मग मागं जाणार. मागच्या दाराची कडी फटीतून बोट घालून वर उचलायची हिकमत तिला शाळेपासूनची. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. तिला आतलं काही दिसणार नाही, आणि ह्यांना दारात दिसेल ती नुसती काळी सावली. हे विचारणार, कोन हाय. आणि माझी गुणाची लेक, भर बाराला अंधारातून आलेल्या हाकेला ओठ मिटून उभी राहणार. चोरासारखी. मीच शिकवलंय, माझ्या तोंडाला आग लागो, मीच शिकवलंय!

ओढा ओलांडताना चप्पल चिखलात राहिली. काटे मोडले, तिला कळलं नाही. कुणाचा फोन मागावा हे सुचलं नाही, आणि सुचून तरी काय उपयोग, ह्यांचा फोन बंद आणि पोरीचा नंबर हिच्या फोनमध्ये, तो घरी चार्जिंगला. "खंडोबा, भंडारा उधळीन, दारूला आंधळी कर, नळीला कुलूप घाल," असलं काहीबाही ती पुटपुटत होती. मध्येच नवऱ्याला शिव्या, मध्येच स्वतःला.

परसात पोचली तर दाराबाहेर पोरीची निळी बॅग. दार अर्धवट उघडं. आणि आतून आवाज आला.

"कोन हाय?"

घोगरा, दबका आवाज. तिलासुद्धा तो नवऱ्याचा वाटला नाही, मग पोरीला काय वाटणार? उत्तर आलं नाही. विठाबाईनं ओरडायला तोंड उघडलं, पण पळून पळून घसा असा कोरडा पडलेला की नुसती हवाच बाहेर आली.

"कोन हाय त्ये?"

ही दुसरी. मग खट्. घोडा ओढल्याचा तो आवाज तिला बरोबर कळला. विठाबाई तिथंच मटकन खाली बसली. डोळे मिटून ती बंदुकीच्या बाराची वाट बघत राहिली. दुसरं काही तिच्या हातात उरलंच नव्हतं.

बार झाला नाही.

"आरं... कोन हाय रं बाबा?" आण्णासाहेब आतून म्हणत होते, आणि आवाज रडवेला झाला होता. "बोल की! काय तरी बोल की रं!"

"ओऽ! मी हाय, आण्णा!"

विठाबाई रांगतच उंबऱ्यापाशी गेली. पोरगी दारात उभी, हसत होती. डोळे अजून उन्हानं दिपलेले, समोरचं काहीच दिसलेलं नाही.

"तिसरी हाक मारायला केवढा येळ लावला, आण्णा! मला वाटलं खरंच काय तरी हाय घरात."

मग डोळे अंधाराला सरावले, तिला पोत्यावर बसलेला बाप दिसला, त्याच्या हातातली नळी दिसली, आणि हसू तिथंच थांबलं.

आण्णासाहेबांना घोडा उतरवता येईना. विठाबाईनं पुढं होऊन नळी भिंतीकडं वळवली आणि तशीच धरून ठेवली. बऱ्याच वेळानं काडतूस निघालं आणि घरंगळत पोत्याखाली गेलं. वाटेत येताना तिनं केवढ्या शिव्या गोळा केल्या होत्या! त्यातली एकही आठवेना.

"दोनदाच इचारनार हुता न्हवं?" ती एवढंच म्हणाली.

"बोट वळलंच न्हाय." आण्णासाहेब खाली बघत म्हणाले. "भ्या वाटलं गं मला. लई भ्या वाटलं."

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तिनं पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरलं आणि गल्ली गोळा होईल असा गळा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णासाहेब बंदूक फडक्यात गुंडाळून ठाण्यात गेले. "आण्णा, निवडणूक लागली का काय?" हवालदारानं विचारलं. "न्हाय. ठिवून घ्या," एवढंच म्हणून ते पावती खिशात घालून परत आले. पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये गेल्या.

तेव्हापासून आण्णासाहेबांना एक खोड लागली आहे. कुणालाही हाक मारायची तर ते मध्ये श्वास न घेता तीनदा मारतात. "हर्षेहर्षेएहर्षे!" टपरीवरची पोरं नक्कल करतात, कल्याणप्पा तर त्यांना पाहिलं की "आण्णाआण्णाआण्णा" म्हणतो, आणि सगळे खो-खो हसतात. आण्णासाहेबही हसतात.

विठाबाई हसत नाही. भर बाराला अंगणातून तिच्या नावाची हाक आली की हात पिठात असो नाहीतर चुलीत, ती पहिल्याच हाकेला ओ देते.