वहीतला ‘क’

सलूनवाल्या मामांची एकोणीस वर्षं ठाम समजूत होती, की कोपऱ्यावरच्या घरातले प्रोफेसर बहिरे आहेत.

ही समजूत पहिल्याच दिवशी झाली. प्रोफेसर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, मामांनी अंगावर कापड टाकलं आणि विचारलं, "किती बारीक करू?" प्रोफेसर आरशात बघून गोड हसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मामांनी तोच प्रश्न वरच्या पट्टीत विचारला. पुन्हा नुसतं हसू. बिचाऱ्यांना ऐकू येत नाही, असं मामांनी ठरवून टाकलं आणि स्वतःच्या अंदाजाने कात्री चालवली.

बोलघेवड्या माणसाला असं गिऱ्हाईक मिळणं म्हणजे चंगळच. इतरांशी बोलताना जीभ सांभाळावी लागते; कोण कुणाचा साडू निघेल, सांगता येत नाही. प्रोफेसरांपुढे ती भीती नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी मामा त्यांच्यामागे उभे राहून मन मोकळं करत. बहिणीचे टोमणे, स्वतःचा गुडघा, जावयाचं घोरणं, सगळं.

प्रोफेसर मोठे तत्त्वज्ञ आहेत, त्यांची पुस्तकं लांबलांबचे लोक वाचतात, हे मामांच्या कानावर होतं. एकदा त्यांनी एक पुस्तक उघडूनही पाहिलं. ‘मी’ नावाचा गोंगाट थांबला की जे उरतं त्याला नाव देऊ नये, असं काहीसं पहिल्याच पानावर होतं. ज्याला ऐकूच येत नाही त्याला गोंगाटाचा एवढा काय त्रास, असं मनाशी म्हणत मामांनी ते मिटून ठेवलं.

प्रोफेसर गेल्यावर वर्षभराने त्यांची पुतणी सलूनमध्ये आली. ती शाळेत शिकवायची आणि काकांच्या खासगी वह्या छापण्यासाठी तयार करत होती. दुपार होती, खुर्च्या रिकाम्या होत्या. मामा वस्तरे पुसत होते.

"मामा, काकांच्या वह्यांमध्ये पानोपानी एक ‘क’ येतो," ती म्हणाली. "‘आज क कडे गेलो, आज क कडून शिकलो.’ मला वाटलं, कुणी योगी असणार. वर्षभर शोधत होते. काकांच्या जुन्या मित्रांना पत्रं लिहिली, एका डोंगरावरसुद्धा जाऊन आले. शेवटच्या वहीत उलगडा झाला. क म्हणजे कात्री. म्हणजे तुम्ही."

"माझ्याकडून काय शिकणार ते? त्यांना तर ऐकू येत नव्हतं."

"काकांना? भिंतीपलीकडचं ऐकू यायचं."

मामांनी हातातला वस्तरा खाली ठेवला. एकोणीस वर्षांतली एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढून सरकू लागली. पुतणीने एक पान काढून वाचून दाखवलं:

"क सतत बोलतो. पण कात्री कानाजवळ आली की वाक्य मध्येच सोडून गप्प होतो. त्या वेळी खुर्चीत मी नसतो, मागे तो नसतो, फक्त काम असतं. कान सुटला की वाक्य त्याच शब्दापासून पुढे सुरू होतं. मी तीन ग्रंथ लिहून जे सांगू पाहिलं, ते हा माणूस दर वेळी दोनदा करतो. एकदा उजव्या कानाशी, एकदा डाव्या."

"कान कापला जाऊ नये म्हणून गप्प बसतो हो मी," मामा म्हणाले.

"तेही लिहिलंय त्यांनी. ‘क ला कारण विचारलं तर तो कान कापण्याचं सांगेल. तेच खरं कारण आहे.’" पुतणीने कागदांचा एक गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला. "ही तुमच्याबद्दलची सगळी पानं. वाचा आणि छापू का ते सांगा."

गठ्ठा घरी गेला आणि मामींच्या हाती लागला. मामा म्हणाले, "मी आधी एकदा चाळतो." मामी म्हणाल्या, "चष्मा दुकानात विसरून आलात, चाळताय कशाने?" आणि जेवणाच्या टेबलाशी बसून त्या मोठ्याने वाचू लागल्या. जावयाच्या घोरण्याला त्या खळखळून हसल्या. बहिणीच्या टोमण्यांवर "बरं झालं, कुठेतरी नोंद झाली" म्हणाल्या. मामांचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात त्या थांबल्या. मग हळू आवाजात वाचलं:

"क आज उदास. बायकोला मोटार शिकायची होती. पाहुण्यांसमोर तो तिला हसला. सहा आठवडे ती कामापुरतंच बोलते आहे. म्हणाला, ‘चूक माझीच, पण आता कुठल्या तोंडाने सांगू?’ मला सांगून हलका झाला. जिला सांगायचं तिला सांगितलंच नाही. त्याच्या एकाग्रतेपुढे मी हात जोडतो. पण भित्रेपणात तो अगदी माझ्यासारखा आहे. मला ऐकू येतं, हे मीही त्याला अजून सांगितलेलं नाही."

मामींनी पान टेबलावर ठेवलं.

"बहिऱ्याला सांगितलंत. मी काय बहिरी होते?"

"सांगणारच होतो गं."

"कधी? अकरा वर्षं झाली त्याला."

मामांनी टेबलावरचा चमचा सरळ केला, पुन्हा वाकडा केला. "चुकलंच माझं," ते म्हणाले. आपल्याला वाटलं होतं तेवढं हे वाक्य जड नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"पाहुण्यांसमोर हसला होतात ना? मग हेही पाहुण्यांसमोरच म्हणा."

रविवारी मामांची बहीण आणि मेव्हणे चहाला आले. बिस्किटं अजून डब्यातच होती, तोवर मामांनी घसा खाकरून सगळं सांगून टाकलं. बहिणीला चहाचा ठसका लागला. मेव्हण्यांनी मात्र कप खाली ठेवला आणि आपल्या बायकोकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे अशी दोन-तीन प्रकरणं आहेत. आजच सांगू की पुढच्या वेळी?" त्यावर मामी इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

मधल्या काळात मामांचा हात मात्र बिघडला. कानाजवळ गेले की आपण आता गप्प झालो आहोत हे त्यांना जाणवायचं, आणि कात्री अडखळायची. तीन गिऱ्हाइकं एका बाजूला आखूड केस घेऊन गेली. मामांनी पुतणीला गाठलं.

"ताई, तुमच्या काकांनी माझा धंदा बुडवला."

तिने वही उघडली. "इथे आहे बघा. ‘क ला हे कळलं तर काही दिवस बिघडेल. मग स्वतःकडे बघण्याचा त्याला कंटाळा येईल आणि सगळं पूर्ववत होईल. मला हा कंटाळा यायला तीस वर्षं लागली. त्याला आठवडा पुरेल.’"

नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी मामा एका गिऱ्हाइकाला गुडघ्याचं पुराण सांगत होते. कान कधी येऊन गेला ते त्यांना कळलंही नाही.

मोटारीचं पान गाळायचं का, असं पुतणीने मामींना विचारलं. मामी म्हणाल्या, "अजिबात नाही. मोठ्या अक्षरात छापा."

पुस्तक निघालं तसे वाचक सलूनमध्ये येऊ लागले. एक जाडजूड चष्मेवाले गृहस्थ खुर्चीत बसून म्हणाले, "मला तुमच्याकडून सत्य समजून घ्यायचंय." मामांनी त्यांच्या अंगावर कापड टाकलं. "आधी मान खाली घ्या," ते म्हणाले, आणि गृहस्थांनी ते वाक्य खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

मामींना तिसऱ्या खेपेला लायसन्स मिळालं. त्या दिवशी भाचीची जुनी मोटार मागून घेऊन त्या सलूनसमोर आल्या आणि त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. मामांनी हातातलं गिऱ्हाईक पूर्ण केलं, दाराला कुलूप लावलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. कुठे जायचं हे दोघांनीही ठरवलं नव्हतं. नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन, उसाचा रस पिऊन, संध्याकाळ व्हायच्या आत ते परत आले.