अनामिकेचं नख

गिटार वाजवणाऱ्यांची नखं मी गेली एकतीस वर्षं घासते आहे. व्हियारिकात बसथांब्याच्या मागच्या गल्लीत माझं केसांचं दुकान आहे. बायका केसांसाठी येतात, पुरुष नखांसाठी. बाहेरगावच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पण पाराग्वायमध्ये ज्या घरात गिटार नाही त्या घरात निदान गिटारवाला जावई तरी असतो, आणि उजव्या हाताची नखं धड नसतील तर तो नुसता जावईच राहतो.

डाव्या हाताची नखं पार कापायची, उजव्या हाताची वाढवायची आणि काचेसारखी गुळगुळीत ठेवायची, एवढंच माझं काम. मला स्वतःला गिटार येत नाही. पण बोट हातात घेतलं की तो माणूस कसा वाजवतो ते सांगता येतं. टोकाला खरखरीत झालेलं नख म्हणजे घाईचा माणूस. एका कडेने झिजलेलं असलं तर वाजवणं गोड, स्वभावाची खात्री नाही. शाळेत गणित शिकवणारे बारेइरो मास्तर यायचे, त्यांची नखं मोजपट्टी लावल्यासारखी. वाजवणंही तसंच, सगळं बरोबर. लोक ऐकायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी जाता जाता कराई, म्हणजे आमच्याकडचे साहेब, एल्पिदियोंबद्दल बोलायचे.

एल्पिदियो ओवेलार तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन करायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. उंच माणूस, दारातून येताना उगाचच वाकायचे. गावात कुणालाही विचारा, तुमचा आवडता गिटारवाला कोण, तर हेच नाव. का आवडतो म्हटलं की लोक उसाशाबद्दल सांगायला लागायचे.

आमच्याकडच्या गिटारीत एक प्रकार आहे. अंगठा खालचे जाड सूर सांभाळतो आणि पुढची तीन बोटं एकाच तारेवर एकामागून एक इतक्या भरभर पडतात की सूर तुटतच नाही, सुताच्या धाग्यासारखा निघत राहतो. हे पुष्कळांना जमतं. एल्पिदियोंच्या धाग्यात मात्र दर फेरीला एका जागी सूर दबायचा, बोलता बोलता माणसाने आवंढा गिळावा तसा. तो उसासा.

त्यावर गावात बरीच मतं होती. पाद्रीबाबा म्हणायचे, प्रार्थनेतही असाच विराम असतो. दवाखान्यातले डॉक्टर म्हणायचे, काही लोकांच्या हृदयाचा एक ठोका असाच हळू पडतो. राजधानी असुन्सिओनच्या एका वर्तमानपत्रात अर्धं पान छापून आलं होतं की, युद्धात एवढे पुरुष गमावलेल्या देशाचं सगळं दुःख या एका दबलेल्या सुरात आहे. ते कात्रण एल्पिदियोंच्या बायकोने, न्या पेर्लाने, म्हणजे पेर्लाबाईने, चौकटीत घालून जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगलं होतं.

मी वर्तमानपत्राला काही कळवलं नाही. पण खरं सांगायचं तर तेविसाव्या वर्षी एल्पिदियोंच्या उजव्या हाताची अनामिका बसच्या दारात चेंगरली. तेव्हापासून तिचं नख जुन्या कौलासारखं वाकडं येतं आणि मधोमध चिरतं. म्हणजे दोन बोटं नखाने वाजायची आणि तिसरं नुसत्या मांसाने. दुसरं त्यात काही नव्हतं.

हे न्या पेर्लाला ठाऊक होतं, पण कात्रण लागल्यापासून तिला आठवेनासं झालं होतं. उरले आम्ही दोघं. दर शुक्रवारी सकाळी ते यायचे, मी चिरलेली बाजू घासून बसवायची, ते एक घोट तेरेरे, आमचा गार हिरवा चहा, पिऊन जायचे. एकोणीस वर्षं आमचं बोलणं साधारण हवेवर झालं.

बारेइरो मास्तरांना मात्र वाटायचं की एल्पिदियो ते नख मुद्दाम घासून घेतात. म्हणून नऊ वर्षं मास्तर माझ्याकडून आपल्या अनामिकेचं नख कमी करून घेत होते.

"न्या ओब्दुलिया, अजून जरा घासा."

"मास्तर, अजून घासलं तर बोटाला लागेल."

"लागू दे."

त्यांनाही उसासा यायला लागला. पण तो अगदी वेळेवर यायचा. गावात म्हणायचे, मास्तर घंटा झाल्याशिवाय उसासासुद्धा टाकत नाहीत.

त्या वर्षी जूनमध्ये राजधानीतल्या रेडिओचा माणूस एल्पिदियोंचं वादन ध्वनिमुद्रित करायला येणार असं ठरलं. रविवारी सकाळी, क्लबच्या सभागृहात, सगळ्या गावासमोर. त्याच्या आदल्या आठवड्यात एल्पिदियो माझ्या खुर्चीत बसले आणि हवेबद्दल काही बोललेच नाहीत.

"ते लोक ध्वनिमुद्रण जपून ठेवणार आहेत," ते म्हणाले.

"चांगलंच आहे की, कराई."

"जपून ठेवणार म्हणजे मी मेल्यावरही तेच वाजणार."

"म्हणून तर जपून ठेवतात."

त्यांनी अनामिका माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "ओब्दुलिया, याला नवीन नख लाव."

"अहो, उसाशाचं काय मग?"

"अडतीस वर्षं माझ्या डोक्यात जे वाजतंय त्यात तो खड्डा नाही. मी वाजवतो एक आणि ऐकतो भलतंच. एकदा तरी ते कानांनी ऐकू दे."

"लोकांना तो खड्डाच आवडतो, कराई."

"लोकांना सर्कशीतला एका डोळ्याचा सिंहही आवडला होता. सिंहाला कुणी विचारलं?"

टेबल टेनिसच्या चेंडूचं नख बनतं हे मला माहीत होतं. नखाला असतो तसाच बाक त्याला असतो आणि तारेवर आवाजही स्वच्छ येतो. मी क्लबवर जाऊन रखवालदाराकडे एक चेंडू मागितला.

"तुला कशाला?"

"नखाला."

त्याने दोन दिले. व्हियारिकात जास्त विचारायची पद्धत नाही.

पहिलं नख बिघडलं, दुसरं जाड झालं, तिसरं बसलं. गोंद वाळेपर्यंत एल्पिदियो शाळेत शिक्षा झाल्यासारखे हात वर करून बसले होते. मग त्यांनी कोपऱ्यात ठेवलेली आपली गिटार घेतली आणि वाजवायला लागले. धागा निघाला आणि कुठेच दबला नाही. झाडूने केस गोळा करत मी उभी होते, तशीच राहिले. इतकं सरळ, इतकं पुरं वाजणं मी त्या हाताखाली कधी ऐकलं नव्हतं, आणि मला ते ओळखीचंही वाटलं नाही.

ते थांबले. "हं," म्हणाले. मग बोटाकडे बघत म्हणाले, "अजून एकदा वाजवू का?"

एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच कशाची तरी परवानगी मागितली होती. मी म्हटलं, वाजवा.

रविवारी क्लबात बसायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत पाद्रीबाबा, डॉक्टर आणि नवीन पोशाखातली न्या पेर्ला. दुसऱ्या रांगेत बारेइरो मास्तर, मांडीवर गिटारीची पेटी. गिटार का आणली, असं कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, घरी एकटी ठेवत नाही.

एल्पिदियो वाजवायला लागले. जिन्याला अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसे लोक बसल्या जागी अडखळले. पहिल्या फेरीला अडखळले, दुसऱ्या फेरीलाही. मग पायरी येणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते इकडे तिकडे बघायला लागले. तीन रचना झाल्या. टाळ्या वाजल्या, जशा मास्तरांसाठी वाजायच्या.

बाहेर अंगणात चिपा, आमचा चीजचा पाव, खात खात सगळे हळू आवाजात बोलत होते.

"थकले बिचारे."

"वय कुणाला सोडतं?"

"हात राहिला नाही पूर्वीचा."

"हृदय तपासायला पाठवून द्या त्यांना," डॉक्टर न्या पेर्लाला म्हणाले. "ठोका सरळ झालाय, हे लक्षण चांगलं नाही."

रेडिओचा माणूस तरुण होता आणि सभ्य होता. तो एल्पिदियोंजवळ जाऊन म्हणाला, "फार स्वच्छ वाजवलंत, काका. आता तेच एकदा त्या उसाशासकट झालं तर..."

"तो येत नाही मला," एल्पिदियो म्हणाले. खोटं नव्हतं. त्यांना तो कधीच येत नव्हता.

एवढ्या लांबून यंत्रं आणली होती, रिकामी कशी न्यायची? मास्तरांनी पेटी उघडली. त्यांनी वाजवलं आणि सगळ्या फेऱ्यांमध्ये, अगदी ठरल्या जागी, उसासा आला. दोन बायका रडल्या. पाद्रीबाबांनी डोळे मिटले. महिन्याभराने ते रेडिओवर लागलं तेव्हा निवेदक म्हणाला की, व्हियारिकाची परंपरा पुढच्या पिढीत सुखरूप आहे. मास्तर एल्पिदियोंपेक्षा फक्त सात वर्षांनी लहान होते.

पण ते नंतरचं. त्या रविवारनंतरच्या शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच न्या पेर्ला दारात उभी.

"काढून टाक ते."

"आधी त्यांना तर येऊ दे."

"मी त्या कात्रणाखाली बसून जेवते, ओब्दुलिया. काल माझी बहीण आली होती. म्हणाली, मग देशाच्या दुःखाचं काय झालं? मी काय सांगू तिला?"

"सांग, बरं वाटतंय आता."

ती माझ्याशी चार महिने बोलली नाही.

एल्पिदियो नेहमीच्या वेळेला आले. गोंद सुटायचं औषध मी बशीत काढूनच ठेवलं होतं. त्यांनी बशी पाहिली, वास घेतला आणि बाजूला सारली.

"ओब्दुलिया, खरं सांग. तुला कुठलं आवडतं?"

माझ्या हातात त्यांचं बोट होतं. बोट हातात असताना मला खोटं बोलता येत नाही.

"पहिलं."

"उसाशाचं?"

"हो."

ते काही रागावले नाहीत. "बरोबर आहे. छान होतं ते," म्हणाले. "ऐकणारा असतो तर मलाही तेच आवडलं असतं. पण ते मी वाजवत नव्हतो गं. बसचं दार वाजवत होतं. अडतीस वर्षं मी त्याच्या टाळ्या घेतल्या." आणि हात पुढे केला. "हे मागून जरा सुटलंय. बसव."

मी बसवलं. तेवढ्यात मास्तर आले. एल्पिदियोंना पाहून ते दारातच थांबले. अंगावर चांगला सदरा होता, चेहरा मात्र मुलाला नापास केल्यानंतर त्याचे आईवडील समोर यावेत तसा.

"कराई, मला माफ करा. मी तुमची जागा घेतली."

"ये, बस. हात दाखव."

मास्तरांनी उजवा हात पुढे केला. एल्पिदियोंनी तो उजेडात धरला. अनामिकेचं नख मांसापर्यंत घासलेलं होतं, कडा लाल झालेली.

"हे काय करून घेतलंस?"

"तुमच्यासारखं."

"माझं बसच्या दारात सापडलं होतं, बाबा."

गल्लीतून कलिंगडवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला. मग मास्तरांनी विचारलं, "कुठली बस?"

"ओव्हिएदोची. सकाळची."

मास्तरांनी मान हलवली, बेरीज जुळल्यासारखी. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी हात माझ्यापुढे केला. मी विचारलं, वाढवायचं का आता? ते म्हणाले, रेडिओवाल्यांनी राजधानीत दोन कार्यक्रम ठरवलेत, तिथल्या लोकांनी तिकिटं घेतली आहेत. मी घासलं. पण नेहमीपेक्षा कमी, आणि त्यांनी अजून घासा म्हटलं नाही.

त्यानंतर एल्पिदियोंना कुणी कार्यक्रमाला बोलावलं नाही. लग्नात नाही, गावच्या जत्रेतही नाही. लोक रस्त्यात त्यांची तब्येत विचारायचे. ते म्हणायचे, उत्तम आहे, आणि खरंच उत्तम होती. दर तीन आठवड्यांनी नवं नख लागायचं. रखवालदार आपणहून चेंडू आणून द्यायला लागला, पिचकलेले असायचे, पण मला तेवढं पुरायचं. आणि या वयात त्यांनी नवी रचना करायला घेतली. जवळजवळ सगळी त्या धाग्याचीच, लांबच लांब, कुठे श्वास घ्यायलाही जागा न ठेवलेली. घरी ती वाजवायला न्या पेर्लाची बंदी होती म्हणून शुक्रवारी नखाचं काम झालं की माझ्या दुकानात वाजवायचे. बहुतेक वेळा बायका केस वाळवायच्या यंत्राखाली बसलेल्या असायच्या. डोक्यावर तो टोप, कानात घुं घुं. त्यामुळे श्रोती मी एकटीच, आणि माझं मत त्यांना माहीत होतं.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी न्या बेनिता यंत्राखाली होती. पिठाच्या गिरणीवाली, आवाज मोठा, संध्याकाळी भाचीच्या लग्नाला जायची घाई. एल्पिदियोंनी नवी रचना पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाजवायला घेतली होती. मधेच बेनिताने टोप वर उचलला.

"कोण वाजवतंय?"

"अगं, समोर बसलेत ते," मी म्हटलं.

तिने पाहिलं. "हे असं नाही वाजवत," ती म्हणाली.

"नाही."

"मग हे काय आहे?"

"नवीन आहे. टोप खाली घे, केस ओले राहतील."

तिने टोप खाली घेतला नाही. एका हाताने तो वर धरून ती तशीच बसली, आधी उजव्या हाताने, मग तो भरून आल्यावर डाव्या हाताने. गरम वारा तिच्या डोक्याच्या एकाच बाजूला लागत होता. एल्पिदियो खाली मान घालून वाजवत होते, त्यांना यातलं काही दिसलं नाही. संपल्यावर त्यांनी गिटार पेटीत ठेवली, तेरेरेचा उरलेला घोट घेतला आणि दारातून वाकून निघून गेले.

मी बेनिताचे केस सोडले. उजवीकडे छान कुरळे झाले होते, डावीकडे ओले आणि सपाट. मी म्हटलं, परत बस, अर्ध्या तासात करून देते. ती आरशात बघत होती, पण केसांकडे बघत होती असं मला वाटलं नाही. वेळ नाही म्हणाली, आणि तशीच लग्नाला गेली.