तिसऱ्या झोपडीमागची नाशपाती

व्हर्लीन टॉलिव्हर थॉर्नबेरी नावाच्या ज्या कापसाच्या मळ्यावर जन्मली, तो तिच्या आत्ताच्या घरापासून जेमतेम नऊ मैलांवर. पण सहाव्या वर्षी बापाच्या गाडीत गाद्या-भांड्यांवर बसून ती तिथून जी निघाली, ती सत्तर वर्षं तिकडे फिरकली नाही. मळ्याचं संग्रहालय झालं, पांढऱ्या खांबांच्या बंगल्याला नवा रंग लागला, बसगाड्या भरभरून माणसं येऊ लागली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं ती ज्या पोरांना वाढत होती, तीसुद्धा सहलीला जाऊन आली. व्हर्लीन गेली नाही.

या सप्टेंबरात धाकटी बहीण ओझेला शिकागोहून महिनाभर राहायला आली आणि तिने हट्टच धरला.

"मळा सोडला तेव्हा मी वर्षाची होते," ओझेला म्हणाली. "तुला निदान आठवतं तरी. मला काहीच नाही."

"मला आठवतं म्हणूनच जायचं नाही."

"मग गाडीत बसून राहा. मी तिकिटं काढलीयत."

"आईसारखी हट्टी आहेस अगदी."

"आणि तू बाबांसारखी. चल, पर्स घे."

व्हर्लीन खरंच गाडीत बसून राहिली. ओकच्या सावलीत काच खाली करून, हातातल्या पुठ्ठ्याने वारा घेत. ओझेला आपली पिवळी टोपी सावरत घोळक्याबरोबर आत गेली. समोर कापूस फुटला होता. फार नाही, दाखवण्यापुरता एक तुकडा. तेवढ्यानेही व्हर्लीनची बोटं आपसूक आक्रसली. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाशेजारी कशी घुसतात, ते सांगायला तिला कुणाची गरज नव्हती. बंगल्याच्या मागच्या पायरीशी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आई उन्हात ताटकळत उभी असायची, आणि दार उघडणारी बाई सावकाश यायची, हेही तिला आठवत होतं.

तेवढ्यात बागेचं काम बघणारा एक गोरा म्हातारा ढकलगाडी लोटत शेजारून निघाला. गाडीत पिवळट-हिरव्या नाशपातींची रास.

"अहो," व्हर्लीनने हाक मारली, "कुठे चाललात घेऊन?"

"टाकायला, मॅडम. खाण्यातल्या नाहीत. नुसते दगड. दात पडायचे."

"कुठल्या झाडाच्या?"

"तिसऱ्या झोपडीमागे एक जुनं झाड आहे. दर वर्षी सडा पडतो आणि दर वर्षी माझी कंबर मोडते."

व्हर्लीनने दार उघडलं. एक नाशपाती उचलली, अंगठ्याने दाबली, नाकाशी धरली.

"ही कच्ची खायची नसते हो," ती म्हणाली. "शिजवायची असते. खबरदार एक जरी टाकलीत तर!"

म्हातारा बघतच राहिला. त्याचं नाव रॉईस. तो या कामावर अकरा वर्षं होता, आणि अकरा वर्षांत त्याला असं कुणी दटावलं नव्हतं. त्याने निमूटपणे ढकलगाडी वळवली आणि व्हर्लीन त्याच्यामागून फाटकातून आत गेली. आपण आत आलो, हे तिच्या ध्यानात आलं ते थेट झोपड्यांपाशी पोचल्यावर.

झाड होतं. एक फांदी मोडलेली, बुंधा पोकळ, पण फळांनी वाकलेलं. आजीने जावेकडून रोप आणून लावलेलं. खाली उरलेल्या फळांवर माशा घोंघावत होत्या. व्हर्लीनने बुंध्यावर तळहात ठेवला.

झोपडीच्या आतून आवाज येत होता. कॅरिस नावाची तरुण मुलगी लोकांना माहिती सांगत होती. "एकेका झोपडीत साधारण चार-पाच माणसं राहत. गुलामीच्या काळात बांधलेल्या या झोपड्यांत पुढे वाट्याने कापूस पिकवणारी कुटुंबंही राहिली. ती कोण, हे मात्र आपल्याला ठाऊक नाही."

"नऊ," व्हर्लीन दारातून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ओझेलाने तोंडावर हात ठेवला.

"या घरात आम्ही नऊ जण होतो. टॉलिव्हर. बाबा, आई ल्यूटी, आजी आणि आम्ही सहा पोरं. ही पिवळ्या टोपीतली सगळ्यात धाकटी, आणि सगळ्यात रडकी."

लोक हसले. कॅरिसने हातातला कागद खाली केला. "मिस टॉलिव्हर, तुम्ही आत याल का?"

व्हर्लीन आत आली. एक पलंग, त्यावर इस्त्री केल्यासारखी गोधडी, कोपऱ्यात चकचकीत घागर. "आईने हे बघितलं असतं तर विचारलं असतं, कोण पाहुणे यायचेत?" ती म्हणाली. मग तिने दाखवलं: पलंग दोन होते. मुलं आडवी झोपायची, पाय भिंतीला. चूल या बाजूला. भिंतीला वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यांवरच थोरल्या भावाने अक्षरं शिकवली. कॅरिस लिहून घेत होती. शाई संपली तेव्हा एका पाहुणीने तिला आपलं पेन दिलं.

बाहेर दगडी फलकावर मळ्यावरच्या गुलामांची नावं कोरली होती. आडनाव नाही, नुसतं नाव आणि वय. ओझेलाचं बोट एका ओळीवर थांबलं. ल्यूसिंडा, अकरा.

"आजीची आजी," व्हर्लीन म्हणाली. "आजी सांगायची, ही फार गोड गायची."

"मला कधीच नाही सांगितलंस."

"तू शिकागोत होतीस. आता सांगतेय ना."

दोघी तिथे उभ्या राहिल्या. ओझेलाने हलकेच डोळे पुसले, आणि व्हर्लीनने तिच्या टोपीची कड सरळ केली.

रॉईसने चार पोती गाडीत चढवून दिली. पुढचे दोन दिवस दोघी बहिणी सोलत, चिरत, साखरेत मुरवत, लिंबाच्या चकत्या घालून ढवळत बसल्या. मुरांब्याचा रंग मधासारखा झाला तेव्हा ओझेलाने चमचा तोंडात घातला.

"आईचा असाच लागायचा?"

"आईचा याहून गोड. यातली अर्धी साखर ढवळता ढवळता तूच चोरलीस."

शनिवारी दोघी बहिणी बरण्या आणि ताक घालून भाजलेले गरम पाव घेऊन मळ्यावर परतल्या. रॉईसने पहिलाच घास घेतला आणि म्हणाला, "अकरा वर्षं मी हे खड्ड्यात टाकलं!" मग गुपचूप आणखी तीन पाव खाल्ले.

कॅरिस म्हणाली, "मिस व्हर्लीन, अधूनमधून येऊन लोकांशी बोलाल?"

"भाषणं मला जमत नाहीत, बाई. झोपडीच्या ओसरीवर नाशपाती सोलत बसेन. ज्याला विचारायचंय त्याने विचारावं."

त्याच दुपारी एका बाईने विचारलंसुद्धा, इथलं आयुष्य फार कठीण होतं का?

"होतं," व्हर्लीन म्हणाली. "उन्हात वाकून वाकून माझ्या आईची पाठ कायमची वाकली. तिच्या आईची त्याआधी. ते विसरू नका." तिने सुरीने साल लांबलचक उतरवली. "आणि सप्टेंबरात या ओसरीवर नऊ माणसं मुरांबा खायची, बोटं चाटत. तेही लिहून ठेवा. बसा ना, उभ्या का? ओझेला, यांना पाव दे."