डावीकडचे दात

ताउनोच्या उजव्या हाताची बोटं मार्चमध्ये पांढरी पडली आणि या वेळी ती पांढरीच राहिली. जन्मभर उत्तरेकडच्या काइनू प्रांतातल्या जंगलात यांत्रिक करवत चालवलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. तरी डॉक्टरीणबाईंनी सांगितलाच. करवतीच्या थरथरीने बोटांतल्या नसा गेल्या आहेत. यापुढे करवत हातात धरायची नाही, छोटीसुद्धा नाही.

घरी परतताना गाडी त्याची बायको रायली चालवत होती. ताउनो खिडकीबाहेरचं रान बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे आता सातूचं ते घर."

सातू म्हणजे त्यांची मुलगी. कायानी शहरात राहायची. तिने आईवडिलांसाठी तिथं चाळीसारख्या एकमजली घरांपैकी एक बघून ठेवलं होतं. घर उबदार ठेवायला भिंतीतून गरम पाण्याचे नळ, दाराशी बस. होकार की नकार, ते युहान्नुसच्या सणाआधी, म्हणजे जूनच्या अखेरीआधी कळवायचं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात स्वयंपाकाची चूल लाकडाची, घर तापवायची भट्टी लाकडाची, वाफेच्या अंघोळीची सौना लाकडाची. लाकूड विकत मिळायचं, पण शेताच्या मागे स्वतःचं बर्चचं रान असताना लाकूड विकत घेणं आणि तळ्याकाठी राहून पाण्याच्या बाटल्या आणणं, दोन्ही त्या गावाच्या लेखी सारखंच होतं.

"सातूचं घर कशाला?" रायली म्हणाली. "मला हात नाहीत का?"

"तुला करवत चालवता येत नाही."

"तुला तरी पोटातून येत होती का? या उन्हाळ्याचं लाकूड मी करते. नाही जमलं तर जाऊ. मग मी कुरकुर करणार नाही."

करवत घ्यायला दोघं एप्रिलमध्ये मोठ्या गावातल्या दुकानात गेले. ताउनो थेट पेट्रोलच्या मोठ्या करवतींपाशी जाऊन उभा राहिला. त्याने एक निवडली, त्याच्या जुन्या करवतीची सख्खी बहीण शोभेल अशी. रायलीने ती उचलली, हात लांब करून धरली आणि परत ठेवली.

"ही माझं लाकूड नाही कापणार, ही माझा खांदा कापणार."

दुकानातली मिन्ना नावाची मुलगी मध्ये पडली नाही, तिने फक्त शेजारची बॅटरीवरची करवत पुढे केली. साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी आखूड, हलकं वजन, दोरी ओढायची भानगड नाही. रायलीने ती धरली, कमरेपाशी आणली, पुन्हा लांब नेली. मूठ तिच्या हातात नीट बसत होती. पुढचा संरक्षक कठडा मनगटाने ढकलला की साखळी जागच्या जागी थांबते की नाही, हे तिने दुकानाच्या मागच्या अंगणात जाऊन तीनदा तपासलं.

"आवाजच नाही हिला," ताउनो म्हणाला. "आपण काम करतोय हे शेजाऱ्यांना कळणार कसं?"

"लाकडाची रास दिसेल की त्यांना."

"घरात चार्ज करायची? फोनसारखी?"

"कॉफीच्या यंत्राशेजारी. तिथं तुझं रोज जाणं आहेच, लक्ष राहील."

करवतीबरोबर तिने चेहऱ्यावर जाळी येणारी टोपी घेतली, आतून साखळी अडवणारे धाग्यांचे थर असलेली जाड विजार घेतली, दातांना धार लावायची गोल कानस घेतली. ताउनोने साखळीच्या तेलाचा डबा स्वतः निवडला, आणि त्यावरून मिन्नाला पाच मिनिटं ऐकवलं.

मग शिकवणी सुरू झाली. ताउनो अंगणातल्या बाकावर बसायचा आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायचा, नाहीतर ते आपोआप पुढे यायचे. साखळी किती ताणायची, हे त्याने तोंडाने सांगितलं: पट्टीवरून बोटाने ओढली तर उचलली गेली पाहिजे, सोडली की परत बसली पाहिजे. रोज झाकण उघडून भुसा काढायचा. तेलाची वाट तुंबली नाही ना ते बघायचं. पट्टी अधूनमधून उलटी लावायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. आणि साखळी मातीला लावायची नाही.

"एकदा माती लागली की धार गेली. मग करवत ढलप्या टाकत नाही, पीठ पाडते. पीठ दिसलं की थांबायचं."

"आणि कॉफी प्यायची."

"आणि कानस घ्यायची."

धार लावायची पद्धतही त्यानेच सांगितली. दातांना शाईच्या पेनाने रंग द्यायचा आणि तो पूर्ण जाईपर्यंत घासायचं. रंग उरला तर कानस तिथं पोचली नाही असं समजायचं. आणखी एक गोष्ट त्याने जरा गंभीरपणे सांगितली. जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या बराकीत दुसऱ्याच्या साखळीला कुणी कानस लावत नसे. प्रत्येकाच्या हाताचा कोन वेगळा. दुसऱ्याने हात लावला की साखळी बिघडते, आणि माणसंही.

"सौना एकत्र, बाटली एकत्र, पण साखळी ज्याची त्याची."

मेमध्ये बर्फ वितळला. ताउनोने मागच्या हिवाळ्यात पाडलेले आल्डरचे ओंडके अंगणात पडून होते, त्यांवर रायलीने हात बसवला. पहिले दिवस चांगले गेले. ढलप्या फुलासारख्या उडायच्या. कापलेली बाजू ताटासारखी सपाट. ताउनो तुकडे उचलून बघायचा आणि काही बोलायचा नाही, म्हणजे पसंत होतं.

मग काय झालं कुणास ठाऊक, काप उजवीकडे वळायला लागला. आधी थोडासा, मग डोळ्याला दिसेल एवढा. करवत मध्येच अडकायची.

"पाय नीट ठेव," ताउनो म्हणायचा.

"ठेवलेत."

"डावा पुढे."

"अरे, डावा पुढेच आहे. आणखी पुढे नेला तर तळ्यात जाईल."

तोवर बर्चची पानं उंदराच्या कानाएवढी झाली, मग नाण्याएवढी, मग पुरती. इथली जुनी पद्धत अशी की बर्च भर पानांत पाडायचं आणि फांद्या न छाटता तसंच पडू द्यायचं. पानं मरता मरता खोडातलं पाणी ओढून घेतात. पंधरवड्यात वाळवायचं निम्मं काम पानंच करून देतात. पण त्यासाठी झाड वेळेत पडायला हवं.

पहिलं बर्च रायलीने शेताच्या कडेचं निवडलं, मांडीएवढ्या जाडीचं. झाड रानाकडे पडावं म्हणून खाच त्या बाजूला केली. मागचा काप घेताना करवत उजवीकडे गेली, एका बाजूला लाकूड जाड राहिलं, दुसऱ्या बाजूला उरलंच नाही. झाड स्वतःभोवती वळलं आणि तिच्या बटाट्याच्या वाफ्यावर आडवं झालं.

ती आधीच मागे सरकली होती, शिकवलं होतं तशी. तिला काही लागलं नाही. पण टोपी काढून ती खोडावर बसली ती बसलीच.

"उद्या सातूला फोन करते," ती म्हणाली. "हे माझ्या हातचं काम नाही."

ताउनो वाफ्याकडे बघत राहिला. "बटाटे येतील परत," एवढंच म्हणाला.

जेवणानंतर रायलीला राहवेना. कदाचित आपली धारच चुकत असेल. सौनाच्या बाहेरच्या खोलीत जाऊन तिने करवत स्वच्छ केली, साखळीच्या एकूण एक दाताला निळी शाई लावली. पाठ दुखत होती, म्हणून घासायचं काम सकाळवर ठेवलं.

सकाळी ती गेली तेव्हा दात निळे नव्हते.

उजवीकडचे स्वच्छ चमकत होते. डावीकडचे कुठे खोल खरवडलेले, कुठे वरवर, आणि सगळेच उजवीकडच्यांपेक्षा आखूड. खिडकीच्या फळीवर पोलादाची बारीक पूड होती आणि कॉफीच्या कपाचा ओला गोल.

ती करवत घेऊन स्वयंपाकघरात आली आणि टेबलावर ठेवली. ताउनो राईचा पाव कापत होता.

"बराकीत दुसऱ्याच्या साखळीला हात लावला तर काय करायचे?"

ताउनोने सुरी खाली ठेवली. "त्याला पाणी भरायला लावायचे."

"कधीपासून?"

"तू आल्डर कापायला लागलीस तेव्हापासून."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"माझी धार वाईट होती का?"

"चांगली होती." तो आपल्या बोटांकडे बघत होता. "चार वाजता जाग येते. माणसाने चार वाजता उठून काय करायचं?"

रायलीने खुर्ची ओढली. तिला राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. इतके दिवस ती स्वतःच्या पायांना दोष देत होती.

"डावीकडे मनगट वळवावं लागतं," ताउनो म्हणाला. "तिथं किती दाबतोय हेच बोटांना कळत नाही. मला वाटलं, जमतंय."

"आणि काप वाकडा जायला लागला तेव्हा? वाकडा काप म्हणजे काय, हे सगळ्या काइनूत तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

त्याने पाव बाजूला सारला. मग म्हणाला, "कळलं होतं. पाय नीट ठेव म्हणणं सोपं होतं."

"म्हणजे तू हे घर घालवलं असतंस."

"हो."

एवढं सरळ उत्तर तिने अपेक्षिलं नव्हतं. तिने त्याच्यापुढची कॉफी ओढून स्वतः प्यायली.

"चल," ती म्हणाली. "पाणी नंतर भर. आधी हे सरळ करायचं."

नवी साखळी आणता आली असती, पण दोघांपैकी कुणाच्या मनात ते आलं नाही. बाकावर करवत पक्की अडकवून रायलीने डावीकडचा सगळ्यांत आखूड दात शोधला आणि बाकीचे दात त्याच्या मापाला आणायला घेतले. ताउनो शेजारी बसला, डोळे मिटून. बोटांनी कळत नव्हतं, पण कानसेचा आवाज त्याला पुरता कळत होता.

"हा दाबलास."

"नाही दाबला."

"रायली, तो ओरडला. पुढे लोटताना घास, मागे येताना उचल. हां. हा बरा."

"पुढचा?"

"त्याला आणखी एक हात."

दुपारपर्यंत ते चाललं. मग रायलीने आल्डरचा एक ओंडका लाकूड कापायच्या घोडीवर ठेवला आणि कापला. तुकडा खाली पडला. तिने तो उभा केला. तो डगमगला नाही. ताउनोने वाकून बघितलं, तळव्याने पुसलं, आणि म्हणाला, "सपाट आहे." असं त्याने तोंडाने पहिल्यांदाच म्हटलं.

संध्याकाळपर्यंत शेताच्या कडेला बर्चची झाडं एकावर एक आडवी झाली होती, सगळी रानाच्या बाजूला, अंगावरच्या हिरव्या पानांसकट. रायलीने हात धुतले आणि सातूला फोन लावला.

"ते घर दुसऱ्या कुणाला मिळू दे."

"आई, बाबांचे हात..."

"बाबांच्या हातांना मी काम दिलेलं नाही. त्यांच्या कानांना दिलंय. आणि सणाला येशील तेव्हा जुने कपडे आण, रास रचायची आहे."

"तिला रचता येत नाही," ताउनो पाण्याच्या बादल्या खाली ठेवत म्हणाला. "हवा खेळायला जागाच ठेवत नाही ती. सगळं बुरसतं."

"बाबा काय म्हणतायत?" सातूने विचारलं.

"शिकवतील म्हणतायत," रायली म्हणाली, आणि सौना पेटवायला निघाली.