बेबीनंदाच्या घरातला टीव्हीगेम

मी टीव्हीगेम. राजूरच्या सर्जेरावांच्या घरात माझं नाव आता कुणी काढत नाही, म्हणून माझं मीच सांगतोय.

सर्जेरावांचं गणपतीच्या देवळाजवळ नारळ-प्रसादाचं दुकान. दोन हजार एक साली त्यांनी मला जालन्याहून आणलं, तिसरीतल्या लेकीसाठी, बेबीनंदासाठी. टीव्हीला जोडताच पडद्यावर दोन पहिलवान भिडले. एक आडवा झाला की बटण दाबायचं. तो पुन्हा ठणठणीत उभा.

आधी आधी गल्लीतली पोरं हसत, ओरडत खेळली. मग हसू आटलं. पाळी कुणाला द्यायची ते बेबीनंदा ठरवू लागली. कुणी रडलं तरी कुणाची मान वळेना. आई जयवंताबाईला मात्र बरं वाटे. "घरात बसून राह्यलीत, उन्हात तर फिरत न्हाईत," ती शेजारणीला सांगे.

सोनू ही बेबीनंदाची जिवाभावाची मैत्रीण. एका दुपारी ती बेबीनंदाला हरवतच गेली. बेबीनंदा चिडली नाही, भांडली नाही. "चल, गच्चीवर," एवढंच म्हणाली. दोघी जिना चढल्या. थोड्या वेळानं अंगणात काहीतरी धप्पकन पडलं.

बेबीनंदा एकटीच खाली आली आणि माझ्यासमोर बसली.

"सोनू कुठंय गं?" जयवंताबाईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"पाडली म्या तिला."

"पाडली? कुठून?"

"गच्चीवरून. आता परत सुरू करते, मंग उठंल ती."

तिनं बटण दाबलं. जयवंताबाई किंचाळत अंगणात धावली. बेबीनंदाची नजर पडद्यावरून हलली नाही.

सोनू वाचली, पण मांडीचं हाड मोडलं. सर्जेरावांनी वायर उपटून मला खोक्यात घातलं, माळ्यावर टाकलं. जयवंताबाई लेकीला जवळ घेऊन विचारायची, "तुला वाईट वाटलं का न्हाई गं?" बेबीनंदा आईच्या तोंडाकडे बघत राहायची, काय उत्तर द्यायचं ते तिथं लिहिलेलं असावं तशी.

पोळा झाल्यावर सोनू काठी टेकत दारात आली. पोरगी मैत्रिणीला भेटायला आली, म्हणून जयवंताबाईला भरून आलं.

सोनूनं बेबीनंदाकडे पाहिलंच नाही. माळ्याकडे बघत म्हणाली, "काकू, गेम काढा ना. एकदाच."

जयवंताबाई, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. त्या दोघींना समोरासमोर बसवा. भांडू द्या, रडू द्या. मला काढू नका.

खोक्याच्या फटीतून मला खालचं दिसतंय. बेबीनंदा सोनूशेजारी येऊन उभी राहिलीय. दोघी वर बघतायत.